शेगडीखालचा तिबेट

मी तिबेट बोलतोय. दचकू नका, खरा नव्हे. खरा मी परळच्या चाळीत मावलो असतो होय? मी आहे आशियाच्या उठावाच्या नकाशातून कापलेला तुकडा, पाटाएवढा, जाड नि वरून सपाट.

मला घडवलं रघुवीर मास्तरांनी. लालबागच्या मूर्तिकाराकडून त्यांनी शाडू आणला, त्यात काथ्या नि कागदाचा लगदा मळला आणि फळीवर अख्खा आशिया उभा केला. चाळीतली मुलं गोळा करून ते सांगत, "समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते. त्यात हे पठार एवढं उंच, की ते वरच्या हवेलाच शेकतं. शेकलेली हवा वर निघून जाते आणि तिची जागा भरायला समुद्रावरची ओली हवा धावत सुटते. वाटेत सह्याद्री आडवा येतो, म्हणून आपल्याकडे एवढा पाऊस कोसळतो." बोलता बोलता ते माझ्यावर तळहात ठेवायचे. मला फार बरं वाटायचं.

मग संयुक्त महाराष्ट्राचं वारं आलं. मिरवणुकीत मिरवायला मुंबईसकट महाराष्ट्र हवा होता. शेजारचा दत्ताराम गिरणीत कापडाच्या साच्यावर कामाला. तो करवत घेऊनच आला.

"मास्तर, आपला महाराष्ट्र तेवढा काढून द्या. तिबेट काय करायचाय आपल्याला?"

मास्तर हसले नि त्यांनी स्वतःच पेन्सिलीने रेघ मारून दिली. महाराष्ट्र गुलालात न्हाऊन निघाला. फळी कापताना उरलेल्या आशियाचेही तुकडे पडले; त्यातला मी सपाट, कधी उपयोगी पडेन म्हणून दत्तारामने मला घरी नेऊन खाटेखाली सारलं. राग आला हो मला! ज्याच्यामुळे पाऊस येतो, त्यालाच अडगळीत टाकायचं?

त्या माघात दत्तारामची बायको कौसल्या बाळंत झाली. मुलगी झाली, राधा. रीतीप्रमाणे सासूने, सुंदराबाईने, खाटेखाली शेकाची शेगडी ठेवली. जमीन उखडलेली, शेगडी डुगडुगायची, म्हणून तिच्याखाली मला सरकवलं. निखारे फुलले, ओवा तडतडला आणि मी तापलो.

तापल्यावर मला दुसरं काही येतच नाही. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, तरी हवा आत शिरू लागली, ओली नि खारट. कोपऱ्यातल्या उदबत्तीचा धूर वर जाईना, जमिनीसरसा माझ्याकडे यायचा. बाहेर कोरडं ऊन आणि आत शिवडीच्या खाडीकडची भिंत पाझरत होती. आढ्यावरून थेंब पडला, तो नेमका बाळाच्या कपाळावर.

राधाची छाती घरघरू लागली.

"ओल येतेय गो," सुंदराबाई म्हणाली. "कोळसे वाढव."

कोळसे वाढले, की मी आणखी तापायचो. मी तापलो, की ओल आणखी धावायची. ओल दिसली, की सुंदराबाई पुन्हा कोळसे घालायची. ओरडावंसं वाटे, पण शाडूला कसला आवाज? आणि एक सांगायला जीभ रेटत नाही. ओल्या हवेबरोबर राधाचा श्वासही माझ्याकडे ओढला जात होता. कोमट, दुधाच्या वासाचा. मला तो ओळखता येऊ लागला होता.

बाळाला बघायला मास्तर आले. त्यांनी भिंत पाहिली, धूर कुठे चाललाय ते पाहिलं, वाकून खाटेखाली पाहिलं आणि ते ओरडलेच.

"दत्ताराम, शेगडी उचल! आधी उचल!"

"मास्तर, तुम्ही नकाशे करा," सुंदराबाई कडाडली. "बाळंतिणीचं मला कळतं. एवढ्या ओलीत शेक बंद केला तर पोर हातची जाईल."

"अहो, ही शेगडीच ओल आणतेय! माझ्या हातचं पठार आहे ते."

दत्ताराम आईकडे बघत राहिला. उठली ती कौसल्या. कुणाला न विचारता तिने राधाला छातीशी धरलं, दार उघडलं नि ती गॅलरीत उभी राहिली. बाळंतीण बाहेर आली म्हणून चाळभर गिल्ला झाला. तेवढ्यात राधा रडली, चांगली गळा काढून. सुंदराबाईने मागे वळून स्वतःच शेगडी उचलली.

आता मी गॅलरीच्या टोकाला पडलेला असतो. मास्तरांना मला फोडवत नाही. रोज येऊन ते माझ्यावर ओलं गोणपाट टाकतात, लेकराला पांघरूण घालावं तसं. पण वैशाख लागलाय. दुपारी गोणपाट वाळतं आणि ऊन आतपर्यंत उतरतं.

मास्तर, माया पुरे झाली. फोडा मला. आज दुपारी वारा अगदी पडलेला होता आणि दोरीवरची राधाची दुपटी एकेक करून माझ्याकडे झुकली.