ब्रेकवरचा पाय

छन्न आवाज झाला, चाकातून वाफेचा लोट उठला आणि घाटातली गर्दी एका सुरात ओरडली, "बोला, टाकेवाले महाराज की जय!"

पुसदच्या रस्त्यावर घाटाचा उतार निम्मा झाला की कडेला एक सिमेंटचं टाकं लागतं. पूर्वी तिथं ट्रकवाले तोंड धुवायचे. मग कुठूनसे महाराज आले, टाक्याला भगवा रंग लागला आणि त्यातल्या पाण्याचं तीर्थ झालं. आता दर अमावास्येला तिथं गाड्यांची रांग लागते. महाराज रांजणातलं गारेगार पाणी घेतात आणि गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर लोटेच्या लोटे ओततात. अर्धा घाट ब्रेक दाबत उतरलेली ती चाकं, वाफाळणारच. पण महाराज डोळे मिटून सांगतात, "आत्मा तापला होता. निवला." आणि शिकलीसवरलेली माणसंसुद्धा तोंडात बोटं घालतात.

निकिता गाडीतून उतरलीच नव्हती. दारव्ह्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई वाफेपुढे हात कशी जोडणार? बाहेर मात्र तिचा नवरा गोपाल आणि सासूबाई बेबीताई वाकून उभे होते.

गाडी गोपालच्या मोठ्या भावाची, पियुषची. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं पियुष गेला. त्यानंतर बेबीताईंचं जेवणावरचं मन उडालं. अंगणात उभ्या गाडीत त्या भरदुपारी जाऊन बसायच्या. मग कोणीतरी महाराजांचं नाव सांगितलं. पहिल्याच भेटीत महाराजांनी गोड बोलून सगळी माहिती काढून घेतली, गाडी कोणाची, पोरगा कधी गेला, आणि मग तीच माहिती डोळे फिरवत परत सांगितली. "माय, दर अमावास्येला तीर्थ घे. तुयं लेकरू गाडीत येईन. ब्रेकवरल्या पायाशी बोलन!"

आणि खरंच बोललं. दिवाळीच्या सुमारास गोपालनं ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरू लागलं. बेबीताईंनी बाजूच्या सीटवरून हात लांब करून गोपालच्या गुडघ्यावर ठेवला. थरथर त्यांच्या तळव्यापर्यंत पोचली. "आला," त्या म्हणाल्या आणि पियुष गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. ते हसू पाहिलं आणि निकितानं ओठांवर आलेले शब्द गिळले.

पण विज्ञानाच्या बाईचं डोकं स्वस्थ बसत नाही. उभ्या गाडीत ब्रेक दाबला तर पेडल गप्प असतं. गाडी हळू असेल तर थरथर हळू, जोरात असेल तर जोरात. गावच्या गतिरोधकाआधीही ते थरथरतंच. म्हणजे जे काही आहे ते चाकाबरोबर फिरतंय. तिनं हे गोपालला सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मले समजते. पन आईले कोन सांगन? तू सांगतं?" तिच्यानंही सांगवलं नव्हतं.

त्या दिवशी पाणी ओतून झाल्यावर महाराजांनी गोपालपुढे नवीनच टूम काढली.

"पोरगं बोलते का रे?"

"थरथरते, महाराज."

"अन् तू काय करतं? दाबतं? आपल्या मोठ्या भावाच्या अंगावर पाय देतं?" महाराज कडाडले. "तो बोलून राह्यला का पाय काढायचा! अन् हात कपाळाले लावायचा! नाईतर तो कायमचा निघून जाईन. अन् गाडी कोनाले उघडून दाखवू नका!"

गोपालचा चेहरा उतरला. चुकून वहीला पाय लागला तरी नमस्कार करणारं हे घर. बेबीताई तर कपाळावर हात मारून घेऊ लागल्या. एवढे दिवस एका लेकराच्या अंगावर दुसऱ्याचा पाय होता!

"अहो, हे असलं काही ऐकू नका," निकिता मागच्या सीटवरून म्हणाली. कोणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

टाक्यापासून पुढं उतार जास्तच तीव्र आहे. वळण जवळ आलं, गोपालनं ब्रेक दाबला, पेडल थरथरलं.

"पाय काढ, गोपाल! पाय काढ!"

गोपालनं पाय काढला. स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला नेला. गाडी सुटली. वळणावर कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली वर चढत होती. निकितानं दोन सीटच्या मधून अंग झोकून हातब्रेक ओढला आणि ती जिवाच्या आकांतानं किंचाळली, "ब्रेक दाबा!" गाडी मागून फरफटली, कडेच्या मुरमात घुसली आणि कलती होऊन थांबली. ट्रॅक्टरवाला शिव्या देत निघून गेला.

बेबीताई म्हणाल्या, "पियुषनंच वाचवलं आपल्याले."

निकितानं हात टेकले.

घरी आल्यावर गाडी गॅरेजला न्यायचा विषय निघाला, तर बेबीताईंनी किल्ली कमरेच्या पिशवीत खोचून ठेवली. "तुमाले त्याले काढून टाकाचं हाय." निकितानं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. शाळेत वर्गभर मुलांना उष्णतेचा धडा शिकवायचा आणि घरात मूग गिळून बसायचं, याची तिला लाज वाटायला लागली. पुढची अमावास्या जवळ येत होती.

एका सकाळी ती सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसली. "आई, मी किल्ली मागत नाही. तुम्हीच गॅरेजला चला. तुमच्या हातानं पाहा. भाऊजी तिथं असले, तर मी जन्मात पुन्हा या विषयावर बोलणार नाही."

बेबीताईंनी कमरेची किल्ली काढून गोपालच्या हातात दिली. मग त्यांनी पदर सावरला आणि त्या निघाल्या.

दारव्ह्याच्या गॅरेजवाल्या लालसिंगनं पुढचं चाक उतरवलं. आतली लोखंडी चकती, ज्याला डिस्क म्हणतात, उघडी पडली. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तिलाच आवळून धरतात. निकितानं लालसिंगकडून चकती नटांनी घट्ट आवळून घेतली, जवळ विटांची चवड रचली, पर्समधून खडू काढला आणि तो सासूबाईंच्या हातात दिला.

"हात विटेवर टेकवा. खडू चकतीच्या अगदी जवळ धरा. हलवू नका. अहो, तुम्ही चकती फिरवा."

गोपालनं चकती हातानं फिरवली. सरळ चकतीवर खडू सगळीकडे सारखा लागला असता. इथं तो एका बाजूलाच घासत होता. चकती फिरून आली की खडूला धक्का, मग काही नाही, मग पुन्हा धक्का. गोपालनं वेग वाढवला. धक्के लागोपाठ बसू लागले.

बेबीताईंचा चेहरा बदलला. "हेच," त्या हळूच म्हणाल्या. "गुडघ्यावर लागे ते हेच होय."

"चकती वाकडी झाली, आई. ती पट्ट्यांना ढकलते, पट्ट्या पेडलला ढकलतात. लग्न होऊन आले तेव्हा मी तापल्या तव्यावर पाणी ओतलं होतं. आठवतं? तुम्हीच रागावल्या होत्या."

"तवा वाकडा होते म्हटलं होतं." बेबीताईंनी चकतीवरून बोट फिरवलं. "थो महाराज तापल्या चाकावर पानी टाके."

"हो. बोलेल म्हणून आधी सांगायचं, आणि बोलावं म्हणून पाणी ओतायचं. भाऊजी असते तर हातब्रेक ओढला तेव्हा माझ्या हाताशीही बोलले असते. तो मागच्या चाकांना लागतो. तिथं कोणी पाणी ओतत नाही."

लालसिंग मान हलवत म्हणाला, "त्या टाक्यावरच्या लय गाड्या येतात माझ्याकडं. सांगून सांगून थकलो."

बेबीताईंनी खडू खाली ठेवला. "मंग मायं लेकरू कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

निकितानं त्यांना जवळ घेतलं आणि दोघी गॅरेजच्या बाकावर बसून रडल्या. तिनं एक खोटं काढून घेतलं होतं आणि त्याच्या जागी द्यायला तिच्याकडे काही नव्हतं.

नव्या चकत्या बसवून ते पुन्हा त्या घाटानं गेले. पेडल गप्प होतं. बेबीताईंचा हात सवयीनं गोपालच्या गुडघ्यावर गेला आणि तिथंच राहिला. टाक्याशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. रांगेत पुढं एक तरुण बाई मेलेल्या नवऱ्याचा फोटो छातीशी धरून उभी होती. बेबीताई तिच्यापाशी गेल्या.

"पोरी, पानी नको टाकू देऊ. चाक आपोआप थंडं होऊ दे. अन् गाडी थरथरली तर गॅरेजले ने, पन ब्रेक सोडू नको देऊ. मायं एक लेकरू गेलं. याच्या नादानं दुसरं जात होतं."

"माय, तुयी श्रद्धा कमी पडली!" महाराज गरजले. गर्दी बेबीताईंना बाजूला सारू लागली. त्या बाईनं फोटो घट्ट धरला आणि तोंड फिरवलं. पाणी पडलं, छन्न आवाज झाला, वाफ उठली, जयजयकार झाला.

"आयकलं नाई तिनं," गाडीत बसत बेबीताई म्हणाल्या. "मी तरी कुठी आयकत होती!"

मेलेल्या माणसासाठी रडावं, जन्मभर रडावं, त्याला कोणाची ना नाही. पण तुमचा चमत्कार कोणी आधीच सांगून ठेवला असेल, तर तो घडवायला त्याचे हात काय करतात तेवढं डोळे उघडे ठेवून पाहा. आणि खातरी करू नका असं जो सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

पुढं वळण दिसू लागलं. ब्रेककडे जाता जाता गोपालचा पाय नकळत थबकला. बेबीताईंनी त्याचा गुडघा हलकेच खाली दाबला.

"ठेव लेकरा," त्या म्हणाल्या. "ब्रेकवर पाय ठेव."