कोरडी साडी

"ज्याचं जे औषध चालू असेल, ते मोठ्यानं सांगा. गर्दीत ऐकू येत नाही," टेबलामागची नर्स म्हणाली, आणि रांगेत उभी असलेली द्वारका एक पाऊल मागं सरली.

पुढचे नागोराव म्हणाले, बीपी. त्यांच्यानंतरची बाई म्हणाली, शुगर. किती सहज बोलून गेले दोघं. द्वारका मुकाट्यानं रांगेतून बाहेर पडली आणि महापालिकेच्या शाळेतल्या वर्गात, आपल्या सतरंजीवर येऊन बसली.

पुरात आंबिल ओढा वस्तीत शिरला, त्यानं तिच्या घराची मागची भिंत नेली, भिंतीबरोबर फडताळ नेलं, आणि फडताळात तांदळाच्या डब्यामागे लपवलेली गोळ्यांची बाटलीही नेली. रोज एक गोळी, जन्मभर. नवरा रामदास एचआयव्हीनं गेला तेव्हा तिचाही हाडांचा सापळा झाला होता. या गोळ्यांनीच तिला पुन्हा उभं केलं. दवाखान्यातल्या समुपदेशक नंदाताई दर खेपेला बजावायच्या, की गोळ्या चुकत गेल्या तर विषाणू शहाणा होतो, मग तीच गोळी लागू पडत नाही. आता जरा शिरशिरी आली तरी द्वारकाला वाटे, झालं सुरू.

दवाखान्यात जावं, तर रस्ता बंद. मोबाइल पाण्यात गेलेला. आणि इथं सांगावं कुणाला? वर्गातल्या सगळ्या बायका एकाच पिंपातलं पाणी पीत होत्या. खराडीला आयटीत असलेल्या अक्षताताईंकडे ती स्वयंपाक करायची. त्यांना कळलं, तर तिच्या हातची पोळी त्या खातील?

शेजारीण मुक्ताई तिची पाठ सोडत नव्हती. कपाळाला हात लावून म्हणाली, अंग कोमट लागतंय, चल डॉक्टरकडे. द्वारका नको म्हणाली.

"बरं, राहिलं. डॉक्टरला सवड झाली की तोच येईल तुला भेटायला," मुक्ताई फणकारली.

दुपारी कपडे वाटणारी माणसं आली आणि त्यांच्यात नंदाताई दिसल्या. द्वारका भिंतीकडे तोंड करून बसली. ताईंनी नुसती नावानं हाक मारली, तरी कोण त्या, कुठल्या, तुला कशा ओळखतात, हे सुरू होणार होतं. पण नंदाताईंनी ओळख दाखवलीच नाही. एकेकीला साडी देत त्या जवळ आल्या, वाकल्या आणि पुटपुटल्या, "तुमच्यासाठी सगळ्या शाळा पालथ्या घातल्या. गोळ्या घडीत आहेत. आत्ताच एक घ्या." आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

द्वारकानं साडी पोटाशी धरली.

"माझी फाटकी निघाली. तुझी बघू," म्हणत मुक्ताईनं ती ओढली. द्वारका नको नको म्हणेपर्यंत घडी उलगडली आणि पांढरी बाटली मुक्ताईच्या मांडीवर पडली.

"बीपीची आहे," द्वारका म्हणाली.

मुक्ताईनं बाटलीवर पटकन पदर ओढला. इकडंतिकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "रामदासला रिक्षात घालून दवाखान्यात मीच नेत होते. मला काय डोळे नव्हते?"

द्वारका तिच्याकडे वळली. "इतकी वर्षं कधी बोलली नाहीस."

"तू बोलली होतीस?"

मुक्ताई उठली, पिंपातून आपल्याच पेल्यात पाणी भरून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. दरवाजातून माणसं ये-जा करत होती. द्वारका बाटलीचं झाकण फिरवायला धजेना.

मग मुक्ताईनं ती नवी साडी झटकून उलगडली, दोन्ही हात फाकून कोपऱ्याला आडवी धरली आणि वर्गाकडे तोंड करून उभी राहिली. आत कुणी कपडे बदलतंय असं समजून समोरच्या बायकांनी माना वळवल्या.

"सावकाश घे," ती मागं न बघता म्हणाली. "माझे हात अजून दुखत नाहीत."