मधाच्या शिरेची माती

जरा डोळे मिटा आणि डोंगराचा एक कडा डोळ्यांपुढे आणा. हिरवा नको, काळा नको. वरती लालभडक गेरू, मध्ये नारिंगी, पायथ्याशी पिकल्या जर्दाळूसारखा पिवळा. माथ्यावर त्याच मातीनं रंगवलेलं गाव. गावातून उतरणाऱ्या वाटेवर एक म्हातारा, आणि त्याचं बोट धरून चाललेली एक मुलगी. दिसली? ती फानेत.

म्हातारा म्हणजे तिच्या आईचे वडील, ओझियास. फानेत त्याला पापे म्हणायची. जन्मभर त्यानं या खाणीत गेरू काढला. खाण बंद पडली, भोवती कुंपण आलं, आणि आता लोक तिकीट काढून रंग बघायला येत. गावातलं घर विकलं होतं. आज दुपारी फानेतची आई सोलांज पापेला कायमचं मार्सेय शहरात, आपल्या घरी नेणार होती.

पापेला जाताना एकच गोष्ट हवी होती. खाणीतला माणूस नव्या घरात गेला, की दारावर आपल्या शिरेच्या, म्हणजे आपण खणलेल्या रंगाच्या थराच्या, मातीचा बोटभर पट्टा ओढायचा. पट्टा नसेल, तर त्या घरात तो पाहुणाच.

पापेची शीर मधाच्या रंगाची. कड्यात ती जरा उंचावर होती, आणि आता तिथवर त्याचा हात पोचेना. नवे बूट खराब होतील म्हणून फानेतनं ते काढले आणि पांढऱ्या मोज्यांवरच ती चढली. घोट्यापर्यंत मातीत रुतली. ओंजळभर माती तिनं पापेच्या रुमालात टाकली.

"एवढ्यात किती रंग, पापे?"

"थोडाच. बाकी वाळू. आम्ही पाण्यात सोडायचो. वाळू जड, ती आधी बुडते. रंग पाण्यात राहतो, मग सावकाश तळाशी बसतो. घाई करणाऱ्याच्या हाती फक्त वाळू लागते."

खाणीच्या फाटकावर राखणीला सिल्व्हँ होता, शेजारणीचा नातू.

"ओझियास आजोबा, रुमालात काय?"

"शेंबूड."

रांगेतले लोक हसले. सिल्व्हँ हसला नाही. "माती बाहेर न्यायची नाही, आजोबा. प्रत्येकानं चिमूटभर नेली तर डोंगर उरेल का?"

"गाड्याच्या गाड्या भरून नेला आम्ही. तुझाच आजा घोडा हाकायचा. उरलाच की!"

"लोक बघतायत हो. माझी नोकरी जाईल."

पापेनं रुमाल फाटकाजवळच्या पेटीत झटकला. लोकांकडून काढून घेतलेली लाल, पिवळी, जांभळी माती आत एक होऊन शेणासारखी दिसत होती.

"संध्याकाळी परत वाटेवरच टाकतो आम्ही," सिल्व्हँ हळूच म्हणाला.

मागून एका बाईनं पापेचा फोटो काढला. "खरा खाणकामगार!" ती नवऱ्याला म्हणाली. पापेनं रिकाम्या रुमालाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. मग तो घराकडे चढू लागला.

दारात गाडी भरून तयार होती. सोलांजची नजर आधी मोज्यांवर गेली.

"कोरे मोजे, फानेत! आजच घातले होतेस ना? काढ आधी!" तिनं ते टबात बुचकळले, खसाखसा चोळले, पिळले. पाणी मधासारखं झालं. ती टब उचलून गटाराकडे निघाली.

"आई, ओतू नको! त्यात पापेची शीर आहे!"

"घाण आहे ती. उशीर होतोय, बस गाडीत."

"पापे, तिला सांग ना! पाणी बसू दे म्हणावं!"

पापे गाडीत बसलाच होता. त्यानं मान वळवली नाही. "ओतू दे, पोरी. ते दार तुझ्या आईचं आहे. तिला डाग आवडत नाहीत."

सोलांजचे हात थांबले. टब खाली ठेवून ती किल्ल्या आणायला आत गेली.

फानेतनं आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी पायरीवर ओतून टाकलं. वाळू तळाशी बसेपर्यंत ती टबाशी उकिडवी थांबली. मग टब अलगद कलता करून वरचं पिवळं पाणी बाटलीत घेतलं आणि झाकण घट्ट लावलं. अनवाणीच ती पापेशेजारी जाऊन बसली, आणि गाडी घाट उतरू लागली तशी बाटली हलू नये म्हणून तिनं ती दोन्ही गुडघ्यांत दाबून धरली.