चार मिनिटांची शांतता

अभयनं लिहिलेला सिनेमा अकरा वर्षांपूर्वी शहरात तीन दिवस चालला आणि उतरला. क्रांती चौकाजवळच्या फिल्म सोसायटीत मात्र 'पटकथा असावी तर अशी' हे वाक्य तेव्हापासून चहाबरोबर फिरत होतं. यांच्यापैकी सिनेमा कुणी पाहिलाय, हे विचारण्याचा उद्धटपणा कुणी केला नव्हता. यंदा त्यांनी दुर्लक्षित सिनेमांचा महोत्सव भरवला आणि अभयला सत्काराला बोलावलं.

शालीचं त्याला काही नव्हतं. त्यानं दौलताबादहून आईला, मालनबाईला, मुद्दाम आणलं होतं. लहानपणी शाळेत हेडमास्तर त्याला रोज वर्ग झाडायला लावायचे. एक दिवस ती पेरूची पाटी पटांगणात उतरवून चार मिनिटं त्यांना बोलली होती. तो शब्द न् शब्द अभयनं नटीच्या तोंडी घातला होता. पण सिनेमा लागला तेव्हा पेरूचा हंगाम होता, आणि मालनबाईचा तो बघायचा राहून गेला. आज तिनं आपलं ते बोलणं पडद्यावर ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

प्रसंग आला. नटीनं पाटी उतरवली, तोंड उघडलं आणि आवाजच गेला. कुणाचा तरी पाय अडकून स्पीकरची वायर निघाली होती.

"आवाज गेलाय," अभय उभा राहून म्हणाला.

"बसा हो," मागून एकजण खेकसला. "शांतता आहे ती. समजून घ्या जरा."

पुढच्या रांगेत एक बाई डोळे टिपू लागल्या. अभय अंधारात लोकांचे पाय तुडवत मागं पोचला, वायर शोधून खोचली, तोवर पडद्यावर शाळा सुटली होती.

सिनेमा संपल्यावर अध्यक्ष राजकुमार सर माइकला बिलगले. "ओठ हलतात, पण शब्द नाहीत! बाईचा आवाज व्यवस्थेनं गिळलाय. अभयराव, ती चार मिनिटं शब्दांविना लिहायला छाती लागते."

टाळ्या थांबेनात. खांद्यावर शाल पडली. वायर निघाली होती, एवढंच तर सांगायचं होतं. अकरा वर्षांत एवढे लोक त्याच्यासाठी कधी उभे राहिले नव्हते. अभयनं माइक घेतला.

"ती शांतता मला फार विचारांती सुचली," तो म्हणाला. म्हणताच त्याला स्वतःची किळस आली, पण टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मालनबाई त्याच्याजवळ सरकली. मग तिनं त्याच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"माझं बोलणं काढून टाकलंस व्हय, अभ्या?"

अभयनं समोरून जाणाऱ्या रिक्षाला हात केला.

"असूं दे. लोकांना लई आवडलं," ती म्हणाली. "त्या हेडमास्तरनं तरी सगळं ऐकून घेतलं होतं."