माठातली वैजंता

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर अंबड तालुक्यातल्या त्या गावात मारुतीच्या पारापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. भुजंग महाराजांनी तांबडं फडकं बांधलेल्या माठावर भस्म उधळलं, "ये माय, ये," म्हणून हाळी दिली, आणि माठातून वैजंता बोलू लागली.

"सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..."

वैजंता पावसाळ्यात साप डसून गेली होती. तिची आई चतुराबाई माठापुढे येऊन बसली.

"सतरा योनी फिरून राह्यली लेकरू," महाराज म्हणाले. "शाळेत जीव अडकला तिचा. धाकटीला शाळेतून काढ अन् माझ्या मठात सेवेला सोड. मंग ही सुटंल. बिलकुल सुटंल."

चतुराबाईनं नऊ वर्षांच्या नंदाला पुढे ढकललं.

मागे उभ्या असलेल्या बेबीबाई मास्तरणींनी कान टवकारले. "सतरा चोक" म्हणताना आवाज अडखळला, खोकला आला, लांब शेळी ओरडली. हे त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. वेचणीच्या दिवसांत पोरी शाळेला मुकत, म्हणून बाई बांधावर जाऊन त्यांचे, वैजंताचेही, पाढे मोबाइलमध्ये भरून घेत आणि कापूस वेचता वेचता त्यांनाच ऐकवत. तो मोबाइल गेल्या महिन्यात तातेरावाच्या टपरीत दुरुस्तीला होता. तातेराव आता महाराजांच्या पायाशी बसला होता, एक हात खिशात घालून.

माठ गप्प झाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, "सतरा एके सतरा..."

बाई पुढे झाल्या.

"हात लावशील तर जळून जाशील," महाराज गुरकावले.

बाईंनी फडकं ओढून माठात हात घातला. आत मोबाइल थरथरत होता. त्यावर नाव होतं, तातेराव.

"ही रिंगटोन आहे," त्या लोकांना म्हणाल्या. "माझ्या मोबाइलातून चोरलेली. हा खिशातून फोन लावतो, की माठ बोलतो. तातेराव, कर बंद."

तातेरावानं फोन कापला. वैजंता पाढ्याच्या मधेच थांबली.

महाराज केव्हाच जीपकडे निघाले होते. चतुराबाईनं रिकाम्या माठात डोकावून बघितलं.

"बाई, आजून एकडाव बोलू दिलं असतं तिला, तर तुमचं काय गेलं असतं?"

"तुमची नंदा गेली असती."

चतुराबाईनं नंदाचं मनगट धरलं आणि बाईंकडे न बघता ती घराकडे चालू लागली.

लोक कपाळावरचं भस्म पुसत होते. काही पुसतही नव्हते. बाई त्यांना म्हणाल्या, "यंत्रात आवाज राहतो, माणूस राहत नाही. उद्या दुसरा कुणी येईल, तुमचं मेलेलं माणूस ऐकवील. रडा, पण त्याआधी आवाज येतो कुठून ते उघडून बघा. त्याच्या सांगण्यावरून लेकरं देऊन टाकू नका."