कोणासाठी लिवलं?

व्याख्यानमालेत व्याख्यान सोडून बाकी सगळं यथासांग व्हायचं, हा कर्जतच्या त्या वाचनालयाचा जुना रिवाज. दीपप्रज्वलन होतं, स्वागतगीत होतं, देणगीदारांचे सत्कार होतात, मग अध्यक्ष प्रास्ताविकाला उठतात. नमनालाच घडाभर तेल गेल्यावर वक्त्याच्या वाट्याला उरते ती नुसती वात. मेघाला हे माहीत नव्हतं असं नाही. शाळेत असल्यापासून मागच्या खुर्च्यांवर बसून ती हेच बघत आली होती. पण तेव्हा वक्ता दुसरा कुणी असायचा, आणि दुसऱ्याची वात विझताना बघून माणसाला फारसं वाईट वाटत नाही.

आज वक्ता ती स्वतः होती. विषय होता ‘आफ्रिकन कादंबरी : उगम, आशय आणि वाटचाल’. बॅनरवर हे सगळं बारीक अक्षरांत होतं आणि शेजारी भलामोठा जिराफ होता. कादंबरीवरच्या व्याख्यानाला जिराफ कशाला, असं तिने विचारलं तेव्हा अध्यक्ष शशिकांत सर म्हणाले होते, “लोकांना कळायला नको का, आफ्रिका आहे म्हणून?” सरांपुढे गप्प बसायची तिला सवयच होती.

तिचं खरं लक्ष होतं शेवटच्या रांगेकडे. दाराजवळ, पाण्याच्या पिंपाला लागून तिचे वडील बुधाजी बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर. साजगावच्या कारखान्यात सगळी हयात गेली, पण या सभागृहात त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. पळसदरीहून शेजारच्या कमळ्याच्या रिक्षातून आले होते, आणि कमळ्या बाहेर रिक्षाला टेकून उभा होता. आल्या आल्या सरांनीच त्यांना ओळखलं. “काय रे बुधाजी, आलास होय! बस तिकडं मागं, वारा येतो,” म्हणाले. बुधाजी सरांहून चांगले पाच-सहा वर्षांनी मोठे. पण ते हसून मागे जाऊन बसले.

त्यांना आज इथे आणायचं मेघाने केव्हापासून ठरवलं होतं, कारण तिला त्यांचं काहीतरी त्यांना परत करायचं होतं.

पीएच.डी. चालू असताना ती एकदा पळसदरीच्या घरी ओटीवर बसून एका आफ्रिकन कादंबरीतला उतारा बापाला मराठीत सांगत होती. त्यात एक गाव होतं, गावचे जाणते होते, आणि एक दिवस तिथे बाहेरची माणसं येऊन शाळा काढतात. बुधाजी वाल सोलत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, “ज्या गावाची गोष्ट लिवली, त्या गावाला विंग्रजी येत व्हतं?”

“नाय.”

“मंग लिवलं कोणासाठी?”

मेघाने तो प्रश्न तसाच नेऊन आपल्या मार्गदर्शकांपुढे ठेवला. ते म्हणाले, प्रश्न उत्तम आहे, शेवटचं प्रकरण यावरच करा. तिने केलं. जगातल्या सगळ्या विद्वानांना त्या प्रबंधात तळटीप मिळाली. वाल सोलणाऱ्या माणसाला तळटीप कशी द्यायची, याचा नियम मात्र विद्यापीठाकडे नव्हता. म्हणून प्रश्न राहिला आणि नाव गेलं. ते नाव ती आज, या सभागृहात, माईकवर घेणार होती. बाकी व्याख्यान बुडालं तरी तिला चाललं असतं.

आता मालेचा दुसरा रिवाज. वक्त्याने चार दिवस आधी आपल्या भाषणाचं टिपण अध्यक्षांना पाठवायचं. प्रास्ताविकाला उपयोगी पडतं आणि पेपरात बातमी द्यायलाही बरं. मुरलेला वक्ता दोन ओळी पाठवून मोकळा होतो. मेघाने मात्र वेड्यासारखं सगळंच लिहून पाठवलं होतं, काळजाच्या देठापासून, चांगली चार पानं.

सर उठले. त्यांनी चष्मा लावला आणि खिशातून चार पानं काढली.

“मित्रहो,” सर म्हणाले, “आफ्रिकेत कादंबरी गोऱ्या माणसाच्या बोटीतून उतरली, असं आपण समजतो. पण तिच्याआधी तिथे गोष्ट होतीच. अंगणात सांगितलेली, ऐकणाऱ्यांनी मध्येच हुंकार भरलेली.”

हे वाक्य तिचं होतं, हुंकारासकट. पहिल्यांदा तिला बरंसुद्धा वाटलं. सरांचा आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ. पुढचं वाक्यही तिचं निघालं आणि त्याच्या पुढचंही. सभागृहात लोक माना डोलवू लागले.

“मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, छापखाने आणले. तिथल्या काही भाषांतल्या पहिल्या कादंबऱ्या त्याच छापखान्यांतून बाहेर पडल्या.”

इथे मेघाने पुढे लिहिलं होतं, ‘आणि जे मिशनला रुचलं नाही ते गाळलं गेलं, काही हस्तलिखितं तर वर्षानुवर्षं पडून राहिली. छापखाना ज्याचा, कात्री त्याची.’ सरांनी त्या ओळीवरून नजर फिरवली, ओळ ओलांडली आणि मान वर करून म्हणाले, “केवढे हे उपकार! ज्ञानाचं दार कुणीतरी उघडावं लागतं.” आणि त्यांनी मेघाकडे प्रेमाने बघितलं.

ते प्रेम खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ती अकरावीत असताना इंग्रजी पुस्तकांचं कुलूपबंद कपाट सरांनीच तिला उघडून दिलं होतं. वस्तीतल्या पोरीला कशाला, असं कमिटीत कुणीसं म्हणालं तेव्हा सर भांडले होते. त्या कपाटात तिला पहिली आफ्रिकन कादंबरी सापडली, कव्हर फाटलेली. हे सगळं खरं होतं. म्हणून तिला उठून त्यांच्या हातातली पानं ओढता येईनात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सर सुसाट सुटले होते. गोऱ्या साहेबावर रागावलेली पिढी झाली. स्वातंत्र्य आलं आणि त्याच खुर्चीत आपलाच साहेब बसला, हे बघून खंतावलेली पिढी झाली. बायका लिहू लागल्या आणि त्यांनी घरातला साहेब दाखवला, तेही झालं. शहरं झाली, परदेशी गेलेली मुलं झाली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढताना माणसाचा हात किती सफाईने फिरतो, हे मेघा बघत राहिली. शेवटचं पान आलं.

“आणि हे सगळं वाचताना,” सर थांबले, चष्मा काढला, “मला एक प्रश्न पडला. ज्या गावाची ही गोष्ट, त्या गावाला तर इंग्रजी येत नव्हतं. मग हे लिहिलं कुणासाठी?”

मेघाने मागे बघितलं. बुधाजींचे हात गुडघ्यांवरून उचलले गेले आणि पुन्हा गुडघ्यांवर आले.

“साऱ्या जगासाठी!” सर गरजले. “साहित्याला सीमा नसते!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

सरांनी लबाडी केली म्हणावं तर तसंही नव्हतं. टिपणात ‘माझे वडील बुधाजी यांनी विचारलं’ असं होतं. तसंच्या तसं वाचलं असतं तर बुधाजी सरांचे वडील झाले असते. म्हणून त्यांनी बोलता बोलता वाक्य जुळवून घेतलं, इतकंच. माणसाच्या आयुष्यातला एकुलता एक प्रश्न इतक्या सहज दुसऱ्याच्या खिशात गेला.

सूत्रसंचालन करणाऱ्या सुप्रियाने मेघाच्या पुढ्यात चिठ्ठी सरकवली. ‘मॅडम, दहा मिनिटं. आभार आणि चहा आहे.’

मेघा माईकपाशी गेली. “सरांनी माझं व्याख्यान फार छान दिलं,” ती म्हणाली. लोक हसले, सरही हसले. “मला एकच दुरुस्ती करायची आहे. शेवटचा तो प्रश्न सरांचा नाही, माझाही नाही. तो माझ्या वडिलांनी विचारला होता. ते इथेच आहेत, शेवटच्या रांगेत. आबा, उभा राहा जरा.”

सगळ्या माना मागे वळल्या. बुधाजी अर्धवट उठले. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा छातीशी. त्यांनी आधी सरांकडे बघितलं, मग लेकीकडे.

“नाय, नाय,” ते म्हणाले, “मी कशाला इचारू? मला काय कळतंय त्यातलं. सरांनीच इचारला आसंल. पोरगी आपली उगाच...” आणि ते खाली बसले.

सभागृहात आधी हसू पसरलं आणि मग टाळ्या. अशा टाळ्या मेघाच्या व्याख्यानालाही पडल्या नसत्या. सर भारावले. त्यांनी मेघाच्या समोरून माईक घेतला. “हा विनय बघा! लेकीचं कौतुक असं पचवायला मोठं मन लागतं. बुधाजीराव, या, वर या!” काय रे बुधाजीचे एका क्षणात बुधाजीराव झाले. मागवलेली जादा शाल निघाली, हार निघाला, नारळ निघाला, फोटो निघाले. फोटोत मागे जिराफही आला. दहा मिनिटं तिथेच संपली. बापाच्या सत्कारात लेकीचं व्याख्यान बुडालं, आणि सत्कार कशाचा, तर स्वतःचा प्रश्न नाकारल्याचा. मेघा हात जोडून उभी होती.

चहा न पिताच ती निघाली. कमळ्याने रिक्षा चालू केली. स्टेशन मागे पडलं. बुधाजींनी नारळ मांडीवर घेतला होता, शाल नीट घडी करून त्यावर ठेवली होती.

“आबा, खोटं का बोललास?”

“कुठं?”

“प्रश्न तुझा व्हता की नाय?”

“चारचौघांत सरांना खोटं पाडू व्हय? त्या माणसानं तुला कपाट उघडून दिलं.”

“कपाट वाचनालयाचं व्हतं, आबा. सरांच्या घरचं नव्हतं.”

“चावी त्येंच्याकडं व्हती,” बुधाजी म्हणाले. जसं काही याने विषय संपतोच.

रिक्षा खड्ड्यात आदळली. मेघाला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता. सरांवर रागवावं तर कपाट आड येतं. बापावर रागवावं तर तो मांडीवर नारळ घेऊन बसलेला. इतकी वर्षं ती वाचत आली होती की दार उघडणाऱ्याचेच हात पुढे गळ्याशी येतात, आणि उघडून दिलं म्हणून माणूस ओरडत नाही. आज आपल्याच घरात ते बघितलं, तर वाचलेलं काही कामाला आलं नाही.

“तुला उत्तर पायजे व्हतं ना?” ती म्हणाली. “ऐक. ज्यांचं व्हतं त्यांना परत द्यायला लिवलं त्यांनी. वाचता येवो नायतर न येवो. आज नाय तर उद्या कोणीतरी वाचून दाखवील, म्हणून लिवलं. आणि ज्याला परत द्यायला जावं, तो हात जोडून म्हणतो, माझं नायच. मंग काय करायचं रं त्या लिवणाऱ्यानं? सांग ना.”

पळसदरीचा फाटा आला. कमळ्याने वळण घेताना वेग कमी केला, तशी रिक्षाची घरघर जरा निवली. बुधाजी लेकीच्या कानाशी वाकले. त्यांच्या शर्टाला हाराच्या फुलांचा वास येत होता.

“मीच इचारलं व्हतं गं,” ते अगदी हळू म्हणाले. “वाल सोलत व्हतो तवा. माझ्या ध्येनात हाय.”

मेघाने झटकन त्यांच्याकडे बघितलं. पुन्हा म्हण, तिला म्हणायचं होतं, मोठ्यानं म्हण.

कमळ्याने मान वळवली. “काय इचारलं, काका?”

बुधाजी मागे सरून ताठ बसले. मांडीवरची शाल त्यांनी पुन्हा सारखी केली.

“काय नाय,” ते म्हणाले. “तू रस्ता बघ.”