दुसरी वेलांटी

त्या गुरुवारी बाबा तिच्या कचेरीत आले ते नेहमीसारखेच, न कळवता आणि जिना चढून. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, पण स्वतः कधी लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. "आत काय काय ढिलं असतं ते मला विचार," म्हणायचे. सत्तरी उलटलेली, कान निम्मे गेलेले. त्यामुळे ते कुजबुजले तरी चौथ्या टेबलापर्यंत ऐकू जायचं.

"नवं गाणं आहे," चौघडी केलेला कागद त्यांनी पुढे सरकवला. "बघ."

ती पाठ्यपुस्तकांच्या छपाईआधी चुका काढायचं काम करायची. तिने हातातली विज्ञानाची पानं बाजूला ठेवली आणि लाल पेन उघडलं. गाणं नळ कापलेल्या एका वस्तीवरचं होतं. तिसऱ्या ओळीत ती थांबली.

"‘आणि’ ऱ्हस्व. पहिली वेलांटी. किती वर्षं सांगतेय."

"शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ लिहायचं, हे तूच शिकवलंस."

"‘आणि’ सोडून."

"का? त्याला सूट कोणी दिली? कोणाचा जावई लागून गेलाय?"

शेजारच्या टेबलावरच्या चित्रकार बाई खुदकन हसल्या. तिने वेलांटी बदलली आणि कागद परत दिला.

"बाकी ठीक आहे."

"बाकी म्हणजे?"

"बाकी म्हणजे बाकी."

त्यांनी कागदाची पुन्हा चौघडी केली. मग तो खिशात घालत म्हणाले, "सरकारनं गाण्यावर बंदी घातली तेव्हासुद्धा याहून लांब पत्र लिहिलं होतं."

आणि जिन्याने उतरून गेले. शुक्रवारी सकाळी बूट घालायला म्हणून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

बाबांच्या पंक बँडचं नाव ‘आगाऊ’. चाळीस वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने त्यांना आगाऊ रक्कम देऊ केली होती, फक्त दोन ओळी गाळायच्या अटीवर. बँडमधल्या तिघांनी ती नाकारली आणि नाव ठेवून घेतलं. तेव्हापासून तबकड्या स्वतः काढल्या, त्यांची वेष्टणं घरच्या जेवणाच्या टेबलावर खळीने चिकटवली, संपाच्या मंडपांत आणि कारखान्यांच्या बंद फाटकांसमोर वाजवलं. तीन सरकारं आली नि गेली. तिन्ही सरकारांना हे तिघे विरोधी पक्षाचे वाटले.

ती बारा वर्षांची असताना एका गाण्यापायी पोलीस बाबांना घेऊन गेले. अकरा दिवस. आई कोणाशी बोलायची नाही, आणि शाळेतल्या मैत्रिणी हिच्याशी. ही रोज दाराकडे तोंड करून अभ्यासाला बसायची. बाराव्या दिवशी बाबा आले, आंघोळ केली आणि कोठडीत लिहिलेलं गाणं तिच्यापुढे ठेवलं. "शुद्धलेखन बघून दे."

गाणं चांगलं होतं. बाराव्या वर्षीही तिला ते कळलं. पण ‘आवडलं’ म्हटलं, की ते अकरा दिवस माफ केल्यासारखं झालं असतं. म्हणून तिने ‘आणी’ची वेलांटी तेवढी दाखवली. पुढे रागाची धार गेली, सवय उरली. दर गाण्याचा कागद तिच्याकडे यायचा, ती लाल करून परत द्यायची. ऐकायला मात्र ती एकदाही गेली नाही. सगळी गाणी तिला पाठ होती, पण कागदावरून. तिच्या तोंडून एक शब्द ऐकायला बाबा बत्तीस वर्षं येत राहिले, हे तिला ठाऊक होतं. पुढच्या वेळी सांगू, असं ती दर वेळी मनाशी म्हणायची. आता पुढची वेळ नव्हती.

तीन आठवड्यांनी मावशीचा फोन आला. बँडमध्ये बेस गिटार वाजवणारी ही मावशी रक्ताची नव्हे, पण हक्क सख्ख्या मावशीचा.

"शेवटचं गाणं छापायला द्यायचंय. कागद तू तपास. दुसऱ्या कोणी हात लावला तर वरून शिव्या घालेल तो."

तालमीची खोली टायरच्या दुकानाखालच्या तळघरात होती. भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि रबराचा वास जिन्यापासूनच अंगाला चिकटे. ड्रम वाजवणारे ठोक्याकाका तिच्यासाठी खुर्ची पुसत राहिले. कागद तोच होता. तिने बदललेली वेलांटी बाबांनी पुन्हा खोडून दुसरी करून ठेवली होती. तिने पेन काढलं.

"ते राहू दे," ठोक्याकाका म्हणाले.

"काका, चूक आहे ती."

"चूक नाही. ते तसंच आहे."

"अरे, त्याला शुद्धलेखन येतच नव्हतं," मावशी म्हणाली. "मेला म्हणून लगेच पंडित करू नकोस त्याला."

"हिनं त्याला गाताना ऐकलंय का कधी?"

"ठोक्या, गप बस."

"गप बसायचं असतं तर ड्रम कशाला शिकलो असतो?" त्यांनी यंत्राचं बटण दाबलं.

त्याच गुरुवारी रात्रीच्या तालमीतलं ध्वनिमुद्रण होतं. बाबांचा गातानाचा आवाज तिला वाटला होता त्याहून चिरका होता. *नळ कापलात, वीज कापलीत, आणीऽऽ*. ‘णी’ लांबत गेला, सगळी वाद्यं थांबली. फक्त काड्यांचे चार ठोके. मग पुढची ओळ.

"इथे रिकामं का?" तिने विचारलं.

"कार्यक्रमात इथे लोक असतात. पुढचं ते म्हणतात, त्यांचं जे असेल ते. शाळा पाडली असेल तर शाळा, माणूस नेला असेल तर त्याचं नाव. दर गाण्यात एकदा तरी. ऱ्हस्वात एवढे लोक मावतात का, म्हणायचा."

तिने पेनाला टोपण लावलं. मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि ठोक्याकाकांची बाही ओढली. "चल, वर चहा सांगू."

दोघांची पावलं जिन्यावर वाजत वर गेली. तिने ध्वनिमुद्रण मागे नेलं आणि पुन्हा लावलं. *आणीऽऽ*. एक, दोन, तीन, चार. तोंड उघडेपर्यंत जागा निघून गेली. पुन्हा लावलं, या वेळी नुसता श्वास आला. तिसऱ्यांदा ती उभी राहिली. बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचं, म्हणजे किती, याचा अंदाज तिला होताच.

"गाणं चांगलं आहे, बाबा."

चार ठोके संपले, बाबा पुढच्या ओळीवर गेले. ती थांबली नाही. त्यांच्या आवाजावरून तिने आपला आवाज चढवला.

"कोठडीतलं पण चांगलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. रागावले होते म्हणून सांगितलं नाही. सगळी चांगली होती, बाबा, सगळी."